अकोल्याला पाठवलेली पाकिटं

अकोल्याच्या आजीला मी पाठवत असलेले पैसे ती वाटून टाकते, हे मला तिनेच सांगितलं. तेही आनंदाने, रविवारची उपासना आटोपून घरी आल्यावर, फोनवर. ते पैसे माझे आहेत हे तिला ठाऊक नव्हतं.

मुलांनो, मागे तुमच्यापैकी धाकटीने मला स्क्रीनवरून विचारलं होतं, की माणसाने आपल्या कमाईतलं किती दान करावं. मी सांगितलं, दहावा भाग. तिने मान डोलावली आणि ती खेळायला गेली. फोन ठेवल्यापासून मला चैन नाही. उत्तर चुकीचं नव्हतं, माझ्या वडिलांनी मला हेच शिकवलं आणि मी आयुष्यभर तसंच केलं. पण या वर्षी जे घडलं ते त्या उत्तरात कुठे बसवावं ते मला कळत नाही. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते आहे.

अकोल्याची आजी म्हणजे माझी मोठी जाऊ, तुमच्या आजोबांच्या थोरल्या भावाची बायको. तुम्ही तिला पाहिलं तेव्हा फार लहान होता. थोरले दीर ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते. परतवाडा, मग मूर्तिजापूर, मग अकोला, मंडळी नेमेल तिथे त्यांनी संसार हलवला. पाळकाचं घर मंडळीचं असतं. दीर गेल्यावर जाऊबाईंना ते घर नव्या पाळकासाठी रिकामं करून द्यावं लागलं, आणि तेव्हापासून त्या अकोल्यातच एका गल्लीत भाड्याच्या खोलीत राहतात. त्यांना मूलबाळ नाही. पेन्शन आहे, पण ती अशी की घरभाडं दिल्यावर तिचं फारसं काही उरत नाही.

माझं तसं नाही. मी शाळेत इंग्रजी शिकवलं, पूर्ण पगार घेतला, अमरावतीत स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहते. पेन्शन जमा झाली की मी आधी देवाचा भाग बाजूला काढते, मग औषधं, मग बाकीचं. आजोबा गेल्यापासून आणखी एक नियम मी केला होता. दर वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात घरातलं एक कपाट रिकामं करायचं. आधी साड्या गेल्या, मग काचेची भांडी. गेल्या वर्षी मोठा दिवाण, पाहुण्यांच्या गाद्या आणि जास्तीची ताटं मुलींच्या वसतिगृहाला दिली. घरात एक पलंग, एक टेबल, दोन खुर्च्या राहिल्या. तुमच्या आईला मी व्हिडिओवर सगळं घर फिरवून दाखवलं होतं. मला फार बरं वाटलं होतं तेव्हा.

आता डोळ्यांचं सांगते. सुगीनंतर आमच्या मंडळीत हंगामाची उपासना होते. ज्याच्या घरी जे पिकतं किंवा बनतं ते लोक वेदीपुढे आणून ठेवतात आणि उपासनेनंतर पटांगणात त्याचा लिलाव होतो. भोपळा, कोंबडी, लोणच्याची बरणी, काहीही. गंमत असते, लोक एकमेकांना चिडवत बोली वाढवतात. जाऊबाई या दिवशी दर वर्षी अकोल्याहून येतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातात. गेल्या खेपेला त्यांनी भातकुलीकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडची तुरीची डाळ आणली होती, स्वतः शिवलेल्या पिशवीत. पिशवीला लाल काठ होता. लिलावात ती पिशवी वर उचलली गेली, आणि जाऊबाईंनीच पहिली बोली लावली. मग दुसरी. लिलाव करणारा म्हणाला, "पाळकीणबाई, स्वतःचीच डाळ विकत घेता का?" सगळे हसले. जाऊबाईही हसल्या आणि म्हणाल्या, "मले वाटलं कोणाची हाये तं, चांगली दिसून राहिली." पण त्यांनी पिशवी ओळखली नव्हती. मी शेजारीच होते. त्या पिशवीकडे बघत नव्हत्या, आवाजाकडे बघत होत्या.

पुढच्याच आठवड्यात मी अकोल्याला जाऊन त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मोतीबिंदू होता, पण नुसता मोतीबिंदू नव्हता, आत काचबिंदूही होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की शिबिरातलं साधं ऑपरेशन इथे चालणार नाही. जी नजर गेली ती परत येणार नाही, जी राहिली ती लवकर हालचाल केली तर वाचेल. एक डोळा आधी, दुसरा काही महिन्यांनी. आम्ही रिक्षाने परत आलो. खर्च मी करते, असं मी वाटेतच म्हटलं. जाऊबाई म्हणाल्या, "तूही विधवा, मीही विधवा. कोणी कोणाले द्याचं?" आणि विषय बदलला. मी खूप समजावलं. त्या पाहू, पाहू म्हणत राहिल्या.

मी परत आले आणि मला एक युक्ती सुचली. युक्ती म्हणण्यापेक्षा, लहानपणीची शिकवण आठवली. माझे वडील मिशन शाळेचे हेडमास्तर होते. दान गुपचूप करावं, उजव्या हाताचं डाव्याला कळू नये, हे ते आम्हाला इतकं सांगत की दानाच्या थैलीत हात घालतानाही आम्ही मूठ घट्ट मिटून घालत असू. मी अकोल्याच्या तरुण पाळकांना भेटले आणि त्यांच्याकडे एक बंद पाकीट दिलं. जाऊबाईंना द्या, माझं नाव सांगू नका, असं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. दर महिन्याला असं एक पाकीट द्यायचं ठरलं. ऑपरेशनपुरते होईपर्यंत त्या साठवतील असा माझा हिशोब होता.

आणि मग तो रविवारचा फोन आला.

"पाकिटं पुन्हा सुरू झाली व," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, कसली पाकिटं. त्यांनी सांगितलं ते असं. दीर असताना मंडळीतल्या कोणाच्या हाती पैसा आला, मुलाला नोकरी लागली, कोणी दुखण्यातून उठलं, की ते उपकारस्तुतीचं पाकीट गुपचूप पाळकीणबाईंकडे देत. वर नाव नसे. ते पाळकाच्या घरासाठी नसे. कोणाची चूल थंड आहे हे पाळकीणबाईला ठाऊक असतं, तिने ते तिथे पोचवावं, अशी रीत होती. जाऊबाईंचा नेम होता, पाकीट घरात रात्रभर ठेवायचं नाही. दीर गेले, घर सुटलं, तशी पाकिटंही बंद झाली. आणि आता इतक्या वर्षांनी नव्या पाळकांच्या हातून बिननावाचं पाकीट आलं होतं.

"कोणाले तरी आठवण हाये माही," त्या म्हणाल्या. "देवानं मले कामावरून काढलं नाही."

त्या पाकिटातून एका मुलीची नर्सिंगची फी भरली गेली होती.

मी फोन ठेवला आणि घरात येरझाऱ्या घालू लागले. त्यांचा इतका उजळ आवाज मी दीर गेल्यापासून ऐकला नव्हता. पुढच्या महिन्यात दुसरं पाकीट गेलं, या वेळी तरी त्या थांबतील या आशेने. ते चर्चची घंटा वाजवणाऱ्याच्या घरावरच्या टिनांसाठी गेलं. तिसऱ्या वेळी मी पाळकांना सांगितलं, निदान एवढं तरी सांगा की हे डोळ्यांसाठी आहे. त्यांनी सांगितलं. जाऊबाईंनी गल्लीतल्या भाजीवालीला धरून डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं आणि तिचा मोतीबिंदू काढून आणला. फोनवर मला म्हणाल्या, "डोळ्यासाठी म्हणून आले होते पैसे. मंग तिचेच डोळे सगळ्यात खराब."

"तुमचे कसे आहेत?" मी विचारलं.

"माहे चालून राहिले."

मला सांगता येईना आणि गप्पही बसवेना. सांगावं तर तो उजळ आवाज विझणार. न सांगावं तर त्यांची नजर रोज थोडी थोडी जाणार, आणि ती जाताना कोणालाच दिसत नाही, त्यांनासुद्धा नाही. मी पाळकांना फोन करून म्हटलं, तुम्हीच काहीतरी करा. ते म्हणाले, "मावशी, मी बोलायचं नाही हे तुम्हीच ठरवलंत." त्यांच्या आवाजात थोडं हसू होतं. मला त्याचाही राग आला.

खरं सांगायचं तर मला दुसऱ्याच एका गोष्टीने जास्त अस्वस्थ केलं होतं. वडील म्हणत, दिलेल्या पैशाकडे मागे वळून पाहायचं नाही, हातून सुटला की तो आपला नाही. मी तर एकेका पाकिटाच्या मागे अकोल्यापर्यंत धावत होते. ती मुलगी, ते टिन, ती भाजीवाली, यांच्यापैकी कोणाला ते पैसे नको होते असं मी म्हणू शकत होते का? नाही. तरी ते माझ्या मनातल्या जागी गेले नाहीत म्हणून मी चिडत होते. प्रार्थनेला बसले की प्रार्थनेऐवजी मी देवाला सूचना देते आहे असं माझ्या लक्षात येई. मग मी उठून फरशी पुसत असे. पुसायला फारसं काही नव्हतंच घरात.

उन्हाळा लागता लागता पाळकांचाच फोन आला. जाऊबाईंचा हात भाजला होता. गॅसची ज्योत त्यांना दिसली नव्हती. मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने निघाले. मूर्तिजापूरपर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होते, पुढे ती सगळी विसरले.

त्यांच्या खोलीत आधीच कोणीतरी बाई बसली होती, आपल्या सुनेची तक्रार सांगत. मला बघून उठली. जाऊबाईंच्या मनगटावर पट्टी होती. त्यांनी मला हात लावू दिला नाही, स्वतःच चहा केला. चहा ओतताना त्या कपाच्या आत बोटाचं टोक धरत होत्या, चहा कुठवर आला ते कळावं म्हणून. बोटाला चटका बसला की त्या थांबत. दुसरा कप ओततानाही तसंच. मी ते बघितलं आणि सांगून टाकलं.

"बाई, ती पाकिटं माझी होती."

"कोणती?"

"सगळी. तुमच्या डोळ्यांसाठी होती ती."

त्यांनी भांडं खाली ठेवलं. पदराला बोट पुसलं. बाहेर कोणीतरी हापशीवर पाणी भरत होतं, तो आवाज तेवढा येत होता.

"म्हणजे इतके दिवस मी तुह्या पैशानं पाळकीण होऊन राहिली होती," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं तसं नाही. त्या म्हणाल्या तसंच आहे. मग विचारलं, "लपवलं काहून?"

मी उजव्या हाताचं आणि डाव्या हाताचं सांगू लागले. त्यांनी मला पुरं बोलू दिलं नाही.

"ते मले नको शिकवू, मास्तरीणबाई. मी पाळकाची बायको हाये. ते चौकात भोंगा वाजवून देणाऱ्याले सांगतलं हाये. घरच्या माणसाले द्याचं तं हातात द्याव. समोर बसाव. च्या प्याव."

"हातात दिलं असतं तर घेतलं असतं तुम्ही?"

"नसतं घेतलं," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "भांडली असती. मंग दोन दिवसांनं घेतलं असतं. तुले भांडाले वेळ नव्हता."

चहा निवत होता. मी म्हटलं, झालं ते झालं, आता तरी ऑपरेशन करून घेऊ, पैशांची सोय अजूनही आहे. तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मला या सगळ्या महिन्यांत एकदाही सुचलं नव्हतं.

"पैशाचं कोण म्हणून राहिलं? डॉक्टर म्हणे महिनाभर दिवसातून चारदा थेंब टाका, वाकू नका, चूल करू नका. थेंब कोण टाकते? अन् राहू कुठं? तुह्या घरी पाठ टेकाले जागा नाही. दिवाण वाटून टाकला तू."

"मला सांगायचं ना."

"काय सांगू? तू इतकी खुश होती. साधेपणा, साधेपणा करून राहिली होती."

संध्याकाळच्या गाडीने मी एकटीच परतले. खिडकीशी बसून मी माझी दोन खुर्च्यांची खोली डोळ्यांसमोर आणत होते. हंगामाच्या उपासनेला येऊन त्या दर वर्षी त्याच दिवशी परत का जात, याचा मी कधी विचार केला नव्हता. पण आधी इतकी वर्षं तर दिवाण होता. म्हणजे मी त्यांना कधी 'राहा' म्हटलंच नसावं. आठवायचा प्रयत्न केला, आठवलं नाही. आजोबा म्हणत असत बहुतेक.

दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या वकीलीणबाईंकडे गेले आणि त्यांच्याकडे एक पलंग आहे का विचारलं, महिनाभरासाठी. त्यांच्याकडून मी आजवर विरजणसुद्धा मागितलं नव्हतं. त्यांच्या दिवाळीच्या फराळाचं ताट आलं की त्याच दिवशी मी ते काहीतरी भरून परत करायचे, उसनं राहू नये म्हणून. वकीलीणबाईंनी आत हाक मारली. मग त्यांच्या घरात एकच धावपळ उडाली. पलंग आला, गादी आली, उशा आल्या, मच्छरदाणी आली. "तुम्ही काही मागाल असं वाटलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. त्यांना त्याचा इतका आनंद झाला होता की मला अवघडल्यासारखं झालं.

जाऊबाई आल्या. अमरावतीत एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं तसंच झालं, कडेची गेलेली नजर गेलीच. पण समोरचं दिसायला लागलं. पट्टी काढल्यावर त्यांनी सगळ्यात आधी माझ्याकडे बघून म्हटलं, "केवढी वाळली व तू. जेवत नाही का?"

महिनाभर मी दिवसातून चारदा थेंब टाकले. मला वाटलं होतं, आम्ही दोघी शांतपणे राहू, सकाळी एकत्र वचन वाचू. तसं काही झालं नाही. त्यांना आडवं पडून राहणं जमेना. वकीलीणबाई रोज संध्याकाळी येऊन बसू लागल्या. मग त्यांच्या सासूबाई. मग वरच्या मजल्यावरची बाई, जिच्याशी मी जिन्यात नमस्कारापलीकडे बोलले नव्हते. खुर्च्या पुरेनात, लोक पलंगावर बसायचे. झाडूपोछा करणाऱ्या बाईच्या हातात एके दिवशी माझा राखाडी थर्मास दिसला. चौकशी केली तर जाऊबाई म्हणाल्या, "तुह्याजवळ दोन होते." हे त्यांनी माझ्याच कपाटात बघून ठरवलं होतं, एका डोळ्याने. मला राग आला, पण दोन होते हे खरं होतं. राग मात्र दोन दिवस गेला नाही. आम्ही भांडलोही. चांगलं भांडलो. थेंब टाकतानासुद्धा आम्ही एकमेकींशी बोलत नव्हतो. मी म्हणे "वर बघा", त्या वर बघत.

मुलांनो, दान आणि साधेपणा या विषयावर मी तुम्हाला काहीतरी व्यवस्थित सांगायला हवं होतं. माझ्याकडे ते नाही. घर रिकामं करणं मला सोपं गेलं. त्याच घरात माणूस आलं तेव्हा रोज काहीतरी खुपत होतं: ओला टॉवेल खुर्चीवर, रेडिओ मोठ्याने, डब्यांची झाकणं अदलाबदल. त्या परत गेल्या त्या दिवशी मी सगळी झाकणं जागेवर लावली, आणि नंतर काय करायचं ते मला सुचलं नाही. पलंग मात्र परत करायला मी तयार होते. वकीलीणबाईंनीच घेतला नाही.

आता दुसऱ्या डोळ्याची वेळ आली आहे. डॉक्टर म्हणाले, उशीर नको. मी फोन करून जाऊबाईंना सांगितलं की पलंग तयार आहे, या. त्यांनी नाही म्हटलं. मी घाबरले. पहिल्या डोळ्याच्या वेळची सगळी रखडपट्टी पुन्हा सुरू होणार असं वाटलं. पण त्यांचं म्हणणं वेगळं होतं. महिनाभर त्या अमरावतीत राहिल्या तेव्हा अकोल्यात त्यांच्याकडे येणारी माणसं दारावरून परत जात होती. भाजीवाली दोनदा रडून गेली म्हणे. आता त्या महिनाभर गल्ली सोडणार नाहीत. ऑपरेशन अकोल्यातच करायचं, तिथले डॉक्टर तयार आहेत.

"अन् थेंब?" मी विचारलं.

"तू ये," त्या म्हणाल्या. "महिनाभर राह्य. नाही तं नको करू माहा डोळा."

हे धमकीसारखं होतं. आणि धमकी खरी होती, हे मला त्यांच्या आवाजावरून कळलं. त्या एका खोलीत दिवसभर माणसं येतात, बसतात, सुनेच्या आणि मुलाच्या तक्रारी सांगतात, चहा मागतात. तिथे माझं टेबल नाही, माझी वेळ नाही, मला बसायला कोपराही नाही. मी पैसे देऊन एखादी नर्स ठेवू शकते, हे मी म्हटलंसुद्धा. फोन चालू होता, पलीकडे कोणीतरी हसत होतं.

मी येते म्हटलं.

दोन दिवस झाले या गोष्टीला, आणि मी अजूनही घरात फिरते आहे, काय न्यावं आणि काय नाही ते ठरवत. झोप नीट लागत नाही. शुक्रवारी त्यांचं ऑपरेशन आहे. मी गुरुवारी निघेन. तुमच्या आईला जाऊबाईंच्या फोनचा नंबर कळवला आहे. रविवारी तुम्ही फोन कराल तेव्हा कदाचित मी उचलणार नाही, त्यांच्या खोलीत ज्याचा हात रिकामा असेल तो फोन उचलतो. अनोळखी आवाज आला तर ठेवून देऊ नका. तुम्ही कोण ते सांगा, त्यांची थोडी चौकशी करा, आणि ते मला बोलावून आणेपर्यंत थांबा. त्याला वेळ लागेल.